पंधरावं ताट

लोकांचे असे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे आणि खरं सांगायचं तर वाचून हसते. माफ करा, पण हसते. मी नंदुरबारला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, चोवीस वर्षं झाली. जे स्लाइडवर दिसतं ते आहे, जे दिसत नाही ते नाही, इतका माझा साधा हिशेब. कुणाच्या अंगात येतं म्हटलं की मी आधी हिमोग्लोबिन किती ते विचारते. आमच्या भागात सिकलसेलचे पेशंट भरपूर. त्यांना आधी भगताकडे नेतात, धागेदोरे होतात, आणि मग माझ्याकडे आणतात... तोवर पोर पांढरं फटक पडलेलं असतं. त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा नुसता अविश्वास नाही, मला त्यांचा राग आहे.

तरीही लिहायला बसले आहे. गेल्या जानेवारीत जे घडलं त्याचा रिपोर्ट मला काही केल्या काढता येत नाही. आमचे हे म्हणतात, ‘कशाला चव्हाट्यावर मांडतेस?’ पण जिचा हा अनुभव आहे ती म्हणाली, ‘लिख, माले काय लाज शे त्यामा?’ म्हणून लिहिते. माणसांची नावं बदलली आहेत, जिथे जेवलो त्या गावाचं नाव मुद्दाम देत नाही. बाकी सगळं जसंच्या तसं.

आमचं घर मूळ धानोऱ्याचं, नंदुरबार तालुक्यातलं. शेती तिथेच. तिथे माझे सासरे, म्हणजे आबा, आणि माझी मोठी जाऊ राहतात. जावेला मी ताई म्हणते आणि सरळ अगंतुगं करते. लग्न झाल्यावर त्यावरून सासूबाईंची बोलणी खाल्ली, पण ताईनेच ठणकावून सांगितलं होतं की तिला अहो-जाहो केलं तर ती ओ देणार नाही. स्वभावाने तशीच आहे ती. कमी बोलेल, पण बोलली की विषय संपला. तिला एक मुलगी, लग्न होऊन शहाद्याला दिलेली.

मोठे भाऊजी, म्हणजे ताईचे मिस्टर, शेतीबरोबर पाण्याच्या मोटारींचं काम करायचे. मोटार बसवायची, जळाली तर आतली तार नव्याने भरून द्यायची. हाताला गुण होता म्हणून लोक लांबून बोलवायचे, अगदी गुजरातेतूनसुद्धा. अकरा वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत ते उकाई धरणाच्या फुगवट्याकाठी कुणाच्या तरी शेतात मोटार बसवायला म्हणून गेले, ते आलेच नाहीत. त्यांची मोटरसायकल उच्छलच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला सापडली. स्टँडवर लावलेली, लॉक केलेली, पान्ह्यांची पिशवी हँडलला अडकवलेली. माणूस नाही. कोळ्यांनी चार दिवस जाळी टाकून पाणी धुंडाळलं, काठाकाठाने आमचे हे फिरले. काहीच हाती लागलं नाही. आम्ही राहणार महाराष्ट्रात, गाडी सापडली गुजरातेत, मग कागद या हद्दीतून त्या हद्दीत जात राहिले आणि एके दिवशी जायचेही थांबले.

आता आखाजीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलेलं होतं. बाहेरचे लोक अक्षय तृतीया म्हणतात आणि सोनं घेतात. आमच्या खान्देशात आखाजीला गेलेल्या माणसांची घागर भरतात. मातीची नवी घागर पाण्याने भरायची, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, जोडीला आंबे आणि सांजोऱ्या. मग उंबऱ्यावर एकेका पितराचं नाव घेत कुंकवाचं एकेक बोट ओढायचं. ज्याची घागर भरली नाही तो वर तहानलेला राहतो, असं आमच्याकडे मानतात.

भाऊजींची घागर कधीच भरली गेली नाही. दर आखाजीला आबा उंबऱ्याशी बसायचे, आईचं, वडिलांचं, बायकोचं नाव घ्यायचे, बोटं ओढायचे, आणि कुंकवाने भरलेलं बोट तसंच हवेत धरून ताईकडे बघायचे. ताई उठून आत निघून जायची. दिवाळीनंतर आबा आजारी पडले, पंधरा दिवस दवाखान्यात काढले. घरी आल्यावर त्यांनी एके दुपारी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, ‘पुढली आखाजी मी दखसू का नही, माले माहीत नही. यंदा मन्हा पोऱ्यानी घागर भराईच. अकरा वरीसपाईन तिसा मरी ऱ्हायना व्हई तो.’

ताई म्हणाली, ‘आबा, जित्ता माणूसनी घागर भरतस का कोनी?’

जिवंत माणसाची घागर भरणं म्हणजे आपल्या हाताने त्याला मारणं. तिचं म्हणणं तिच्या जागी बरोबर होतं. आणि म्हातारा बाप मुलाला पाणी न पाजता मरायचं नाही म्हणत होता, तोही चुकीचा नव्हता. मी आबांच्या बाजूने होते, कबूल करते. मीच ताईला चार वेळा ऐकवलं की सात वर्षांनी कायदासुद्धा माणसाला गेलेला धरतो, तू कुठवर मंगळसूत्र सांभाळत बसणार? ती नुसती माझ्याकडे बघायची. आता ते आठवलं की मला माझीच चीड येते.

तर जानेवारीत आमच्या भिशीच्या बायकांनी एक दिवसाची ट्रिप ठरवली. व्हॉट्सॲपवर जाहिरात आली होती — बॉर्डरपलीकडे, उकाईच्या तळ्याकाठची गावं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, गाइड आणि जेवणासकट. मी फोनवर ताईला सहज बोलून गेले, आणि लगेच जीभ चावली. कुठल्या पाण्याचं नाव घेतलं आपण...

 ताई म्हणाली, ‘माले बी ल्हई चाल.’

‘ताई, तिथे कशाला...’

‘एकदाव ते पाणी दखी ल्हेस. मंग आबाले काय सांगानं ते सांगसू.’

घरी यांनी कपाळाला हात लावला. पण ताईने ठरवलं म्हणजे ठरलं.

रविवारी सकाळी सातला नंदुरबारहून निघालो. आम्ही बारा जणी, ड्रायव्हर, आणि गाइड रशीदभाई. रशीदभाई नवापूरचे, साठी उलटलेले, आधी एसटीत कंडक्टर होते. सवय काही गेलेली नाही. गाडीच्या दाराशी उभे राहून बोटाने डोकी मोजणार, मग शिट्टी वाजवणार आणि मगच गाडी हलणार. ‘बारा लेडीज, एक मी, एक ड्रायव्हर. चौदा. चला, डबल बेल.’ प्रत्येक थांब्याला हेच. आमच्यातली एक म्हणालीसुद्धा, ‘रशीदभाई, आम्ही काय मेंढरं आहोत का?’ ते म्हणाले, ‘मेंढरं बरी हो बाई, ती सेल्फी काढायला मागे राहत नाहीत.’

विसरवाडीला चहा झाला. ट्रकांच्या रांगेशेजारी उभं राहून आम्ही गरम भजी खाल्ली, ताईने फक्त चहा घेतला. नवापूरला रशीदभाईंनी मुद्दाम स्टेशनात नेलं. या स्टेशनातून राज्याची हद्द जाते, अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. तिथे एक बाक आहे, तेही दोन राज्यांत वाटलेलं. बायका इकडे-तिकडे बसून फोटो काढत होत्या, नवरा महाराष्ट्रात आणि सासू गुजरातेत ठेवावी वगैरे विनोद चालले होते. ताई बाकाच्या बरोबर मध्ये रंगवलेल्या रेघेकडे बघत होती. मला हळूच म्हणाली, ‘इतलीशी रेघ शे व्हय.’ 

उच्छलच्या अलीकडे मीच तिला हाताने खूण केली. मोटरसायकल सापडली त्या वेळी मी यांच्याबरोबर आले होते, जागा ठाऊक होती. तिथे आता रस्ता रुंद झालाय. ताई खिडकीतून बघत राहिली, मान वळवून, जागा दिसेनाशी होईपर्यंत. रडली-बिडली नाही.

बाराच्या सुमारास आम्ही त्या गावात पोचलो. तळ्याच्या अगदी काठाला लागून पाच-पन्नास घरं, सारवलेली अंगणं, समोर नजर पोचेल तिथवर पाणी आणि पलीकडे निळसर डोंगर. खोटं कशाला बोलू, दिसायला फार सुंदर. जेवण रमीलाबेनकडे होतं. पन्नाशीची, मजबूत बांध्याची बाई, तिच्या घरचेच दोघं-तिघं मदतीला. ती गामीत, गुजराती आणि मराठी एकत्र मिसळून बोलते. मी इथे समजेल असं करून लिहिते.

ओसरीवर ताटं मांडलेली होती. रशीदभाईंनी सवयीने मोजली आणि म्हणाले, ‘रमीलाबेन, मी फोनवर चौदा सांगितली होती. ही पंधरा आहेत.’

‘पंधराच,’ ती चुलीपासून म्हणाली. ‘तुमचा एक भाई आधी येऊन गेला ना सांगायला, त्याचं नाही का मोजत?’

‘कोण भाई? मी कुणाला पाठवलं नाही.’

‘असं कसं? साडेदहाला आला होता.’ मग भाकरी थापता थापता तिने आमच्याकडे वळून विचारलं, ‘तुमच्यात वांगं कोण खात नाही?’

सगळ्या हसल्या. खान्देशातल्या बारा बायका आणि वांगं खात नाही म्हणे! पण आमच्यात खरोखरच एक होती. ताई. तिला वांग्याची ॲलर्जी. म्हणजे तिचं असं म्हणणं होतं. घरात सगळ्यांसाठी भरीत ती करायची, हिरवी मिरची ठेचून, वरून तेल सोडून, बोटं चाटावीत असं. स्वतः मात्र डाळीबरोबर भाकरी खायची. बरीच वर्षं झाली होती त्याला. मी एकदा तिचं रक्त काढून तपासलं, ॲलर्जीची काही खूण नाही. तसं सांगितलं तर म्हणाली, ‘तुन्हा मशीनले काय समजस?’ मी नाद सोडला होता.

मी हात वर करून म्हटलं, ‘ही आमची ताई खात नाही. तिला सोसत नाही.’

रमीलाबेन हात पुसत बाहेर आली. ताईसमोर उभी राहिली. आणि अगदी साधेपणाने, निरोप पोचवावा तशी म्हणाली, ‘त्या भाईने सांगितलं, जी खात नाही तिला ओळो वाढजो.’ ओळो म्हणजे आपलं भरीतच. ‘म्हणाला, ती नको म्हणेल. नको म्हणाली तर सांगजो... बस व्हयनं आते, खाई ल्हे.’

शेवटचे शब्द तिचे नव्हते. ती तशी बोलतच नाही. पाठ केल्यासारखे, आमच्या बोलीत, आमच्या हेलात बोलली ती.  ताईकडे बघितलं तर तिचा चेहरा उतरलेला, ओठ घट्ट मिटलेले.

‘मी त्याला म्हटलं, बसा, पाणी घ्या,’ रमीलाबेन सांगत होती. ‘पाणी काही घेतलं नाही. म्हणाला, हातपाय धुऊन येतो. आणि तिकडे उतरला.’ तिने पाण्याकडे बोट केलं. ‘येईल म्हणून ताट मांडलं. अजून आला नाही.’

रशीदभाई काठापर्यंत जाऊन आले. कुणी नव्हतं. आमच्यापैकी दोघी-तिघी कुजबुजायला लागल्या, बाकीच्यांना काही कळलंच नाही, त्यांना भूक लागली होती. पंगत बसली. रमीलाबेनने ताईच्या ताटात भरीत वाढलं. मी पटकन ताईचा हात धरला. ॲलर्जी खरीच असली आणि इथे घसा सुजला तर जवळ दवाखानाही नाही, माझ्या डोक्यात तेच. तिने माझा हात बाजूला केला.

‘काही नही व्हत माले,’ म्हणाली, आणि खायला लागली.

सावकाश, एकेक घास. नागलीची भाकरी आणि भरीत. दोनदा मागून घेतलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते ती पुसतही नव्हती. समोरची बाई म्हणाली, ‘फार तिखट झालंय का हो?’ ताईने मान हलवली आणि जेवत राहिली. शेजारचं पंधरावं ताट आम्ही उठेपर्यंत तसंच होतं.

जेवणानंतर बाकीच्या नावेत बसायला गेल्या. आम्ही दोघी तिथेच अंगणात थांबलो. मी तिला एकच विचारलं, ‘ताई, काय आहे हे?’

तेव्हा तिने सांगितलं. ॲलर्जी वगैरे काही नव्हतं. भाऊजी गेले त्याच्या चौथ्या दिवशी, कोळ्यांनी जाळी गुंडाळली त्या संध्याकाळी, तिने देव्हाऱ्यापुढे मनातल्या मनात वांगं सोडलं. ‘मी म्हनं, त्या घर येतीन तवयच खासू.’ नवऱ्याला ती ‘त्या’ म्हणते, आमच्याकडे तसंच म्हणतात. भाऊजींना भरीत जिवापाड आवडायचं, ताटात नसलं तर जेवण झालं असं ते मानायचेच नाहीत.

‘हे कुणाला माहीत होतं?’

‘कोनलेच नही. तुले नही, पोरले नही. मी तोंडघाई बोलनूच नही, मंग कोनले माहीत पडी?’

मी लॅबवाली. माझं डोकं लगेच कामाला लागलं. भाऊजी जायच्या आधी ती वांगं खात होती, आवडीने खात होती. म्हणजे ती वांगं खात नाही हे खुद्द भाऊजींनाही माहीत असायचं कारण नाही. ते गेल्यावरची गोष्ट आहे ही. घरच्यांना ‘खात नाही’ एवढंच ठाऊक, आणि तेही ॲलर्जी म्हणून. मग ‘बस झालं आता’ हे कोण म्हणालं? तो नवस होता हे कळल्याशिवाय ‘बस’ कोण म्हणेल?

परत येताना गाडीत गाणी चालली होती, भेंड्या चालल्या होत्या. ताई खिडकीशी. नवापूर मागे पडल्यावर ती म्हणाली, ‘पाणी नही पिनात त्या. तसाच गयात.’  विसरवाडीच्या फाट्याला म्हणाली, ‘आबाले सांग, यंदा घागर भरसूत.’

ज्याच्यासाठी मी तिच्या मागे लागले होते ते झालं होतं. आणि मला जराही बरं वाटलं नाही.

पुढचे आठ-दहा दिवस मी सगळ्यांना फोन करून भंडावून सोडलं. रशीदभाई अल्लाची शपथ घेऊन म्हणाले की त्यांनी कुणाला पाठवलं नव्हतं, आणि ताई कोण हे त्यांना त्या दिवसापर्यंत ठाऊकही नव्हतं. ड्रायव्हर दोंडाईच्याचा, त्याला काय घेणं? शेवटी मला ताईचाच संशय आला, लिहायलाही लाज वाटते. तिनेच कुणाकडून तरी बोलवून घेतलं नसेल ना? आबांच्या हट्टापुढे मान तुकवायला काहीतरी निमित्त म्हणून? पण ती त्या गावाचं नाव पहिल्यांदा त्या दिवशी ऐकत होती, आणि जेवण कुणाच्या घरी हे रशीदभाईंशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी मी यांना घेऊन पुन्हा तिथे गेले. ताईला सांगितलं नाही. मोबाइलमध्ये भाऊजींचा फोटो होता, पुतणीच्या, म्हणजे ताईच्या मुलीच्या, साखरपुड्यातला, ते जायच्या सहा महिने आधीचा. काळी कुळकुळीत दाढी, डाव्या भुवईवर जुनी खोक, मोटारीचं झाकण लागलं होतं त्याची.

रमीलाबेनने चष्मा शोधून आणला. फोटो जवळ घेतला, लांब धरला. मग म्हणाली, ‘हाच. भुवई बघा ना. पण हा जवान आहे. तो भाई तर पिकलेला होता. दाढी पांढरी, गाल बसलेले.’

आमचे हे खाटेवर बसले ते बसलेच. अकरा वर्षांत मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं, भाऊ गेला तेव्हाही नाही. रडणं ओसरल्यावर उठले आणि फोटो घेऊन गावभर फिरले. दोन दिवस रजा टाकून काठची सगळी गावं पालथी घातली, कोळ्यांच्या वस्त्या, चहाच्या टपऱ्या, मोटारी दुरुस्त करणारे. असा माणूस कुणी बघितलेला नव्हता. त्या दिवशीसुद्धा रमीलाबेनशिवाय कुणीच नाही.

आता तुम्हीच सांगा. भाऊजी जिवंत असतील, कुठेतरी राहत असतील, तर दाढी पिकणारच. पण मग ताईच्या मनातला नवस त्यांना कसा कळला? आणि ते गेलेले असतील, तर नवस कळला असेल असं एक वेळ धरू... मी धरत नाही, पण धरू. मग मेलेल्या माणसाची दाढी कशी पिकते? एक बाजू धरली की दुसरी सुटते. रमीलाबेन खोटं बोलत असेल? कशासाठी? तिला आमच्याकडून काही नको होतं. ती तर उलट मलाच विचारत होती, ‘ते भाई जेवले का नंतर कुठे?’

पण माझं खरं टेन्शन वेगळंच होतं. ताईने घागर भरायचं कबूल केलं होतं, ते गेले असं मानून. आणि माझ्याकडे आता माहिती होती की ते कदाचित जिवंत आहेत. हे म्हणाले, ‘सांगू नको. आबा सुखाने जातील, ताईचंही मन ठिकाणावर आलंय. पुन्हा तिला अकरा वर्षं लटकवायचं का?’ मार्च गेला, एप्रिल आला. ताई फोनवर विचारायची, डांगर आत्ता घेऊ का जरा थांबू? मी हो-ना करायचे आणि फोन ठेवून बसून राहायचे. मी रोज लोकांना त्यांचे रिपोर्ट हातात देते, वाईट असले तरी देते. दडवून ठेवलेला रिपोर्ट मला आयुष्यात हा एकच.

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही धानोऱ्याला गेलो. दुपारी ताई सांजोऱ्या लाटत होती. आबा पडवीत झोपलेले. मी समोर पाटावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. फोटो, भुवई, पांढरी दाढी, यांनी दोन दिवस केलेला शोध. शेवटी म्हटलं, ‘ताई, ते जिवंत असतील. घागर नको भरू. आबांना मी समजावते.’

तिचं लाटणं थांबलं. मला वाटलं आता ओरडेल, दोन महिने लपवलं म्हणून. तिने विचारलं, ‘दाढी पुरी पांढरी का आर्धी?’

‘पांढरी, एवढंच म्हणाली ती.’

‘आनि गाल बसनात म्हने?’

‘हो.’

‘दात पडना व्हतीन,’ ती म्हणाली. ‘डावीकडनी दाढ पहिलेपाईनच दुखे त्यासनी.’ मग पिठाच्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले. तिचेही केस आता जवळजवळ पांढरे झाले आहेत, मी ते त्या दिवशी नीट बघितलं. ‘मी पिकनू. मंग त्या काय तसाच ऱ्हातीन? त्या बी पिकनात, मन्हासंगे.’

मला रडू आवरेना. मी तिला पुन्हा तेच विचारलं, की मग घागर? जिवंत असतील तर?

‘जित्ता असतीन ते दारशे येतीन. दारशे उना माणूसले बी पहिले पाणीच देतस ना आपन?’ तिने पुन्हा लाटणं हातात घेतलं. ‘ऊठ, चुल्हा दख. तेल तपनं व्हई.’

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घागर भरली. आबांनी तीन नावं घेऊन तीन बोटं ओढली, आणि चौथं ताईने ओढलं. आबा तिच्या डोक्यावर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले. मंगळसूत्र तिने काढलं नाही, आणि काढ म्हणायची कुणाची हिंमतही झाली नाही. घागर गेलेल्यासाठी की अजून यायच्या माणसासाठी, हे मला आजही कळलेलं नाही. मी एकदा सरळ विचारलं. ती म्हणाली, ‘त्यासनाकरता.’